दाफ्नी ते कारिएस: आथोस पर्वतावरील जुनी फरसबंद वाट पायी कशी चढावी

उत्तर ग्रीसमधील खाल्किदिकी द्वीपकल्पाला समुद्रात शिरलेले तीन लांबट फाटे आहेत. त्यांपैकी सर्वांत पूर्वेकडील फाटा म्हणजे आथोस, ज्याला ग्रीक लोक 'आगियोन ओरोस' म्हणजे पवित्र पर्वत म्हणतात. या अरुंद भूभागावर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती संन्याशांचे २० मठ असून त्याच्या दक्षिण टोकाला २०३३ मीटर उंचीचे आथोस शिखर थेट समुद्रातून उभे राहिलेले आहे. इ. स. ९६३ मध्ये येथे महालाव्रा हा मठ स्थापन झाला, आणि त्याच्या सहस्राब्दीच्या सोहळ्यासाठी १९६३ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील दाफ्नी बंदरापासून कारिएस या प्रशासकीय गावापर्यंत पहिला मोटाररस्ता काढण्यात आला. त्यापूर्वीची हजार वर्षे धान्य, तेल, लाकूड, आजारी माणसे आणि यात्रेकरू हे सारे खेचरांच्या पाठीवरून किंवा माणसांच्या पायांनी डोंगरधार ओलांडत असत. ज्या दगडी वाटांवरून ही ये-जा चालत असे, त्यांपैकी एक वाट दाफ्नीहून क्सिरोपोतामू मठाकडे चढते, तेथून धारेवर जाते आणि पलीकडच्या चेस्टनटच्या जंगलातून कुत्लुमुसिऊ मठाजवळ कारिएसला उतरते.

हा लेख त्या वाटेने पहिल्यांदाच चढणाऱ्यासाठी आहे. बोटीतून उतरलेले बहुतेक यात्रेकरू समोर उभ्या असलेल्या बसमध्ये बसतात आणि अर्ध्या तासात कारिएसला पोहोचतात. त्यात गैर काहीच नाही. परंतु ज्याचे गुडघे धड आहेत आणि ज्याच्याकडे एक सकाळ मोकळी आहे, त्याने ही चढण पायीच चढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या वाटा चालण्यानेच टिकतात. एखाद्या वाटेवरून दोन-तीन वर्षे कोणी गेले नाही, तर दोन्ही बाजूंची काटेरी झुडपे तिच्यावर मिटतात, फरसातील दगड मुळांनी उचलले जातात आणि मग ती शोधण्यासाठी कोयता घेऊन जावे लागते.

निघण्यापूर्वी: परवाना आणि मुक्काम

आथोस ग्रीक राज्यात असले, तरी त्याला घटनेने मान्य केलेली स्वायत्तता आहे आणि तेथे प्रवेश परवान्यावरच मिळतो. या परवान्याला 'दियामोनितिरिओन' म्हणतात. सर्वसाधारण परवान्यावर चार दिवस आणि तीन रात्री राहता येते. ऑर्थोडॉक्स नसलेल्या पाहुण्यांसाठी रोज दहाच्या आसपासच जागा असल्यामुळे वसंत ऋतूसाठी किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी अर्ज करणाऱ्याने कित्येक महिने आधी थेस्सालोनिकी येथील यात्रेकरू कार्यालयाशी संपर्क साधावा. तारीख निश्चित झाली की प्रत्यक्ष कागद प्रवेशाच्या दिवशी सकाळी, बोट जेथून सुटते त्या उरानूपोली गावातील कार्यालयात पासपोर्ट दाखवून आणि शुल्क भरून घ्यायचा असतो. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यास ग्रीससाठी शेंगेन व्हिसा लागतोच, आणि व्हिसाच्या तारखा परवान्याच्या तारखांशी जुळतात की नाही, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी तपासून घ्यावे.

परवाना मिळाला म्हणजे झोपण्याची जागा मिळाली, असा समज नवख्यांमध्ये सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. मुक्कामासाठी प्रत्येक मठाशी स्वतंत्रपणे बोलून ठेवावे लागते. राहण्या-जेवण्याचे पैसे घेतले जात नाहीत, मात्र एका मठात सहसा एकच रात्र राहता येते. मठांचे पंचांग जुने, म्हणजे ज्युलियन असते आणि ते आपल्या रोजच्या दिनदर्शिकेपेक्षा तेरा दिवस मागे चालते, हेही मुक्काम ठरवताना लक्षात ठेवावे. क्सिरोपोतामू मठ चाळीस हुतात्म्यांना समर्पित आहे आणि त्यांचा सण ९ मार्चचा, म्हणजे आपल्या हिशेबाने २२ मार्चला येतो. कुत्लुमुसिऊचा ख्रिस्ताच्या रूपांतराचा सण ६ ऑगस्टचा, तो १९ ऑगस्टला पडतो. अशा दिवशी रात्रभर उपासना चालते, मठ माणसांनी भरून जातो आणि पूर्वसूचना न देता आलेल्याला खाट मिळणे कठीण होते.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. आथोसवर स्त्रियांना प्रवेश नाही. हा नियम शतकानुशतके चालत आला असून ग्रीक कायद्यानेही तो राखला आहे. स्त्री प्रवासी असलेल्या पर्यटक बोटींना किनाऱ्यापासून ५०० मीटर अंतर ठेवावे लागते. ज्यांना कुटुंबासह अशीच दगडी वाट चालायची असेल त्यांनी मध्य ग्रीसमधील, उंच सुळक्यांवरच्या मठांच्या मेतेओराचा विचार करावा, जेथे कालांबाका गावातून आगिया त्रिआदा मठाकडे जुनी पायवाट चढते आणि मठ स्त्री-पुरुष दोघांनाही खुले आहेत. पिलिओन पर्वत आणि झागोरी हे प्रदेशही अशा फरसबंद वाटांसाठी प्रसिद्ध आहेत. खाली दगडावर चालण्याविषयी जे सांगितले आहे, ते तेथेही तसेच्या तसे उपयोगी पडते.

ऋतू आणि दिवसाची लांबी

एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत आणि पुन्हा सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत ही वाट सर्वांत सुखाची असते. जुलै-ऑगस्टमध्ये खालच्या, झुडपी टप्प्यातला दगड इतका तापतो की सकाळी आठनंतरची चढण अंगावर येते. हिवाळ्यात धारेवर हिम पडू शकते, आणि त्याहून मोठी अडचण समुद्राची असते. आथोसला जमिनीवरून प्रवेश दिला जात नाही, केवळ बोटीने जावे लागते, आणि जोराचा वारा सुटला की बोटी रद्द होतात. इ. स. पू. ४९२ मध्ये पर्शियन आरमार याच टोकाला वळसा घालताना वादळात फुटले होते, आणि पुढच्या स्वारीसाठी पर्शियन सम्राट झर्क्सीसने द्वीपकल्पाच्या मानेतून कालवा खणवला. उरानूपोलीकडे जाणारी बस त्या बुजलेल्या कालव्याच्या परिसरातूनच जाते. सांगायचे इतकेच, की येथे परतीचे विमान शेवटच्या दिवसाला चिकटवून ठेवू नये. मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी.

मठांची दारे सूर्यास्ताला बंद होतात. ही औपचारिकता नसून दार खरोखरच बंद होते, आणि उशिरा आलेल्याला ते उघडले जाईल याची खात्री नसते. म्हणून चालण्याचा सगळा हिशेब सूर्यास्तावरून उलटा मांडावा लागतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातील घड्याळे एक तास मागे जातात, आणि त्यानंतरच्या आठवड्यात येथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. आदल्या दिवशी सहाला उजेड होता म्हणून आजही असेल, या समजुतीवर अनेकांची धावपळ झालेली आहे. शिवाय बहुतेक मठांमध्ये सूर्यास्ताला बारा वाजले असे मानणारी जुनी बायझंटाईन कालगणना चालते. भिंतीवरचे घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळत नाही, तेव्हा जेवणाची आणि उपासनेची वेळ नेहमी तोंडी विचारून घ्यावी.

पाठीवर काय असावे

ओझे सहा-सात किलोंपेक्षा जास्त होऊ देऊ नये. घोट्याला आधार देणारे, जुने झालेले पण तळ न झिजलेले बूट घ्यावेत. नव्या बुटांनी ही वाट चालू नये, कारण एका बाजूला कललेल्या दगडांवर टाच सतत घासते आणि पहिल्याच तासात फोड येतो. रबरी टोकाची एक काठी पुरेशी असते. उघडे पोलादी टोक गुळगुळीत दगडावरून सटकते आणि फरसाच्या सांधीत अडकले तर काठी वाकते. आथोसवर पुरुषांनीही अर्धी विजार घालू नये असा शिष्टाचार आहे, आणि वाटेवरचे काटे पाहता तो चालणाऱ्याच्या हिताचाच आहे. मठासाठी पूर्ण बाह्यांचा एक स्वच्छ सदरा वेगळा ठेवावा.

दीड ते दोन लिटर पाणी, पातळ पावसाळी अंगरखा, डोक्याला बांधायचा दिवा, १:५०,००० प्रमाणातील समोच्चरेषा असलेला छापील नकाशा, आणि थोडा सुका खाऊ हवा. सुक्या खाऊकडे दुर्लक्ष करू नये. मठात मांस कधीच नसते, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार हे उपासाचे दिवस असतात, आणि जेवणाची वेळ चालणाऱ्याच्या भुकेच्या वेळेशी क्वचितच जुळते. बदाम, अंजीर आणि पाव एवढे जवळ असले की चिंता उरत नाही.

पाट्या वाचण्यापुरती ग्रीक लिपी

वाटेच्या फाट्यांवर लाकडी पाट्या असतात, आणि त्यांपैकी जुन्या पाट्यांवर ग्रीक अक्षरेच असतात. रोमन लिपी येणारा माणूस येथे हमखास फसतो, कारण काही अक्षरे दिसायला ओळखीची असूनही उच्चाराला वेगळी असतात. रोमन 'पी'सारखे दिसणारे अक्षर ग्रीकमध्ये 'र' आहे. म्हणून 'कारिएस' ही पाटी पहिल्या नजरेला 'कापिएस'सारखी वाटते. रोमन 'एच'सारखे दिसणारे अक्षर 'ई' आहे. 'दाफ्नी' हे नाव त्रिकोणाने सुरू होते, त्यात मध्ये उभी रेघ असलेले वर्तुळ हा 'फ' असतो आणि शेवटी तो 'एच'सारखा 'ई' येतो. 'क्सिरोपोतामू' हे नाव एकाखाली एक अशा तीन आडव्या रेघांनी सुरू होते, तोच 'क्स'. त्याच नावात पुढे चौकटीच्या दारासारखे दिसणारे अक्षर 'प' आहे. ही नावे ग्रीक मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून खिशात ठेवावीत. फोनची बॅटरी संपते, कागद संपत नाही. नावाचा अर्थ ठाऊक असला तर ते लक्षातही राहते: क्सिरोपोतामू म्हणजे 'कोरड्या नदीचा', आणि पावसाशिवाय कोरडे राहणारे ओढे या उतारांवर पुष्कळ आहेत.

पहिला दिवस: बोट आणि क्सिरोपोतामूपर्यंतची चढण

थेस्सालोनिकीहून उरानूपोलीला बसने अडीच-तीन तास लागतात, त्यामुळे आदल्या रात्री उरानूपोलीतच राहणे शहाणपणाचे. सकाळी परवाना घेऊन बोटीत बसावे. बोट पश्चिम किनाऱ्याला धरून जाते आणि दोखिआरिऊ, क्सेनोफोन्तोस, रशियन परंपरेचा पांतेलेइमोनोस अशा मठांच्या धक्क्यांना लागत लागत सुमारे दोन तासांत दाफ्नीला पोहोचते. या दोन तासांत डाव्या हाताला डोंगरधार सतत दिसत असते. ती नीट पाहून घ्यावी. उद्या ओलांडायची आहे ती हीच, आणि खालून तिचा आकार एकदा मनात बसला की जंगलात शिरल्यावर दिशेचा अंदाज सुटत नाही.

दाफ्नीला काही दुकाने, चहा-कॉफीची जागा आणि पोलीस चौकी आहे. बसकडे धावणारी गर्दी ओसरू द्यावी, बाटल्या भरून घ्याव्यात आणि मग बंदराच्या मागून वर जाणाऱ्या वाटेने क्सिरोपोतामूची चढण धरावी. हे अंतर पाऊण तासाचे आहे, परंतु बोटीवरून थेट उतरून, पाठीवर ओझे घेऊन, दुपारच्या उन्हात ते एका तासाचे धरावे. पहिला मुक्काम येथेच करावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. त्यामुळे पहिल्या दिवशी शरीराला दगडाची ओळख होते, आणि खरी चढण दुसऱ्या दिवशी थंड सकाळी ताज्या पायांनी चढता येते. एकाच दिवसात दाफ्नी ते कारिएस जाणे तीन तासांचे काम आहे आणि सरावलेला माणूस ते सहज करतो. परंतु बोटीला उशीर झाला, वाट चुकली किंवा पाय मुरगळला तर नवख्याकडे वेळेची शिल्लक राहत नाही.

मठाच्या दारातून आत गेल्यावर प्रथम 'आर्खोन्दारिकी' म्हणजे पाहुण्यांची जागा शोधावी. तेथे पाणी, कॉफी, लहानशा पेल्यात कडक मद्य आणि लुकुमी हा साखरेत घोळवलेला मऊ गोड तुकडा पुढे केला जातो, नाव नोंदवले जाते आणि खाट दाखवली जाते. संन्यासी भेटला की 'एव्लोगीते' म्हणजे 'आशीर्वाद द्यावा' असे म्हणावे. तो 'ओ किरिओस' म्हणजे 'प्रभू देवो' असे उत्तर देतो. छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये, चलच्चित्र काढूच नये. ऑर्थोडॉक्स नसलेल्यांना काही मठांत मुख्य गाभाऱ्याऐवजी बाहेरच्या मंडपात थांबायला आणि नंतरच्या पंगतीला बसायला सांगतात. ते मनाला लावून न घेता सांगितलेल्या जागी शांत बसावे. क्सिरोपोतामूत ख्रिस्ताच्या क्रुसाचा मानला जाणारा लाकडाचा मोठा तुकडा जतन केलेला आहे आणि तो भाविकांसाठी बाहेर आणला जातो, तेव्हा गोंगाट अजिबात करू नये.

दगड कसा वाचावा

या फरसबंद वाटेला ग्रीकमध्ये 'कालदेरीमी' म्हणतात. शब्द तुर्कीतून आलेला आहे. कोकणात जिला पाखाडी म्हणतात, तिची ही जवळची नातलग म्हणता येईल, फरक इतकाच की पाखाडी माणसाच्या पावलासाठी घडवलेली असते आणि कालदेरीमी ओझ्याच्या जनावरासाठी. हा फरक पायाला लगेच कळतो. खेचराला उंच पायरी चढता येत नाही, पण लांबलचक, किंचित चढती, खडबडीत पृष्ठभागाची वाट ते तासन्‌तास चढू शकते. म्हणून येथे पायऱ्या फार बुटक्या आणि फार रुंद असतात, माणसाच्या एका पावलात न मावणाऱ्या आणि दोन पावलांत थोड्या उरणाऱ्या.

बांधणी पाहायला एकदा थांबावेच. दगड चुन्याशिवाय, नुसते एकमेकांत घट्ट बसवलेले असतात. दरीकडच्या काठाला मोठे दगड ओळीने लावलेले असतात आणि त्यांच्याखाली कोरड्या रचाईची धरभिंत असते, जिच्यावर सगळी वाट उभी असते. दर काही पावलांवर वाटेला आडवी, जरा उंच अशी दगडांची एक रांग येते. नवख्याला ती अडथळा वाटते, पण ती दोन कामे करते: खेचराच्या खुराला टेकू देते आणि पावसाचे पाणी वाटेवरून धावू न देता कडेला लोटते. ही रांग उखडली की दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते. म्हणूनच वळणे सोडून सरळ वर चढणारी आडवाट कधीही धरू नये आणि सुटा झालेला दगड पायाने दरीत ढकलू नये. वाटेवर पडलेली सुकी फांदी मात्र उचलून बाजूला टाकावी, म्हणजे मागून येणाऱ्याची आणि पाण्याची दोघांचीही वाट मोकळी राहते.

आता चालण्याविषयी. पाऊल दगडाच्या माथ्यावर न टाकता दोन दगडांच्या सांध्यावर आडवे पडेल असे टाकावे, कारण माथा शतकानुशतकांच्या नालांनी गुळगुळीत झालेला असतो आणि सांध्यात पकड असते. पावले लहान ठेवावीत. रुंद पायरीवर एक मोठे पाऊल टाकण्यापेक्षा तीन लहान पावले टाकावीत, आणि पायरी चढणारा पाय दर वेळी आपोआप बदलेल याकडे लक्ष द्यावे. तसे न केल्यास एकच मांडी सगळे काम करते आणि धारेवर पोहोचेपर्यंत तिला पेटके येतात. चढताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. धाप लागून थांबणे आणि पुन्हा उसळून निघणे यात जितका दम जातो, तितका सलग सावकाश चालण्यात जात नाही.

ओल्या दगडाशी हट्ट करू नये. पाऊस पडून गेल्यावर, किंवा सकाळी दवाने, शेवाळलेला फरस साबणासारखा होतो. अशा वेळी डोंगराकडच्या कडेला जी मातीची अरुंद पट्टी असते तिच्यावरून चालावे, किंवा मघाशी सांगितलेल्या आडव्या रांगांवर नेमके पाऊल टाकत जावे. शरद ऋतूत वरच्या टप्प्यात चेस्टनटची पाने आणि काटेरी टरफले यांचा थर दगड झाकून टाकतो. तेथे काठीने आधी चाचपावे आणि मगच भार द्यावा. उतरताना हे सगळे दुप्पट काळजीने पाळावे, कारण या वाटेवर बहुतेक जण पडतात ते चढताना पडत नाहीत.

समोरून लादलेली खेचरे आली, तर डोंगराच्या बाजूला सरकून उभे राहावे, दरीच्या काठावर कधीही नाही. ओझे रुंद असते आणि जनावराला आपल्या ओझ्याची रुंदी कळत असली, तरी आपली कळत नाही.

दुसरा दिवस: धार

सकाळची उपासना आणि त्यानंतरचे जेवण आटोपल्यावर पाहुण्यांची व्यवस्था पाहणाऱ्या संन्याशाला आपण कोणत्या वाटेने कोठे जात आहोत, हे आवर्जून सांगावे. वाट कशी आहे, झाड पडले आहे का, झऱ्याला पाणी आहे का, हे कोणत्याही नकाशापेक्षा त्याला अचूक ठाऊक असते. एकट्याने चालणाऱ्याने तर हे चुकवूच नये. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे, पण डोंगराच्या घळींमध्ये फोनला संकेत मिळेलच असे नाही.

वेळेचा अंदाज बांधायला १८९२ मध्ये स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी मांडलेला ठोकताळा कामी येतो: सपाटीवरील दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात चढाईच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास. कालदेरीमीवर चालणाऱ्याने या उत्तरात निदान चौथा हिस्सा मिळवावा, कारण तेथे नजर सतत पायाशी ठेवावी लागते. मठापासून धार ओलांडून कारिएसला जायला साधारणपणे दोन ते अडीच तास लागतात. विश्रांतीसह तीन धरावेत.

खालचा टप्पा सदाहरित झुडपांचा आहे. त्यात काटेरी ओक, स्ट्रॉबेरीच्या फळांसारखी तांबडी फळे धरणारा आर्बुटस, आणि उंच वाढलेली हेदरची झुडपे दाटीवाटीने उभी असतात, आणि वाट त्यांच्यातून बोगद्यासारखी जाते. सापांच्या दृष्टीने हाच टप्पा जपून चालण्याचा आहे. नाकावर शिंगासारखा उंचवटा असणारा घोणसाच्या कुळातला विषारी साप या प्रदेशात आढळतो आणि सकाळी तो तापलेल्या दगडावर ऊन खात पडलेला असतो. काठीचा आवाज करत चालले तर तो सहसा स्वतःहून निघून जातो. धरभिंतीच्या फटीत न बघता हात घालू नये.

या वाटेवर चुकण्याची खरी जागा म्हणजे मातीचा रस्ता. १९६३ नंतर मठांनी लाकूडतोडीसाठी आणि वाहनांसाठी काढलेले रस्ते जुन्या वाटांना ठिकठिकाणी कापून गेले आहेत. वाट अचानक रुंद धुळीच्या रस्त्यावर येते आणि समोर कापलेल्या मातीची उभी भिंत दिसते. नवखा माणूस येथे रस्त्यालाच लागतो, अर्धा तास चालतो आणि मग त्याच्या लक्षात येते की रस्ता धारेच्या समांतर चालला आहे. अशा ठिकाणी थांबावे, आलेल्या वाटेकडे पाठ करून तिचीच रेषा पलीकडे मनाने वाढवावी, आणि रस्त्याच्या वरच्या बाजूला दोन्हीकडे वीस-पंचवीस पावले जाऊन पाहावे. बहुधा कोठेतरी फरसाचे दोन-चार दगड, धरभिंतीचा तुकडा किंवा एखादी लहान पाटी दिसते. काहीच दिसले नाही, तर वाट जेथे रस्त्याला मिळाली तेथे परत यावे. अंदाजाने झाडीत घुसू नये. पायाखाली फरस आहे तोवर आपण बरोबर आहोत, आणि तो बराच वेळ दिसला नाही तर आपण चुकलो आहोत, एवढा साधा नियम पुरतो.

वर गेल्यावर झुडपे मागे पडतात आणि चेस्टनटचे जंगल सुरू होते. हवा गार होते, पायाखालचा दगड सावलीत जातो. या जंगलाचे लाकूड मठांच्या उत्पन्नाचे जुने साधन आहे, म्हणून एकाच बुंध्यातून फुटलेली सरळ, सारख्या जाडीची खोडे जागोजागी दिसतात. ती तोडून पुन्हा फुटू दिलेली आहेत. येथे, आणि खरे तर आथोसवर कोठेही, विस्तव पेटवू नये.

धारेवर झाडीत मोकळी जागा मिळाली की थांबावे. पश्चिमेला आपण बोटीने आलो तो सिंगितिक आखात आणि त्यापलीकडे सिथोनियाचा फाटा. पूर्वेला मोकळा एजियन समुद्र, आणि हवा स्वच्छ असेल तर ईशान्येला थासोस बेट. दक्षिणपूर्वेला शिखर असते, बरेचदा ढगात. हा देखावा झाडांच्या फटींतून तुकड्या-तुकड्यांनी मिळतो, म्हणून घाई करणाऱ्याला तो मिळत नाही. घामाने भिजलेले असताना वाऱ्यात फार वेळ बसू नये. अंगरखा आधी चढवावा, मग खाऊ काढावा.

उतरण आणि कारिएस

पूर्वेकडची उतरण चढणीपेक्षा कमी आहे, कारण कारिएस हे स्वतःच समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. ही बाजू अधिक ओलसर, अधिक हिरवी आणि म्हणून अधिक निसरडी असते. येथे गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार पुढच्या पायावर टाकण्याआधी काठी टेकवून, वळणावळणाने सावकाश उतरावे. गावाच्या जवळ वाटांना फाटे फुटू लागतात, कारण आजूबाजूला संन्याशांच्या पुष्कळ झोपड्या आणि लहान वस्त्या आहेत. एखाद्या अंगणात वाट शिरली तर हाक न मारता मागे फिरावे. तेथे राहणाऱ्यांनी एकांतासाठीच ती जागा निवडलेली असते.

मुक्काम कुत्लुमुसिऊला ठरला असेल, तर ओझे तेथे ठेवून कारिएसला जावे. दोन्हींमध्ये काही मिनिटांचेच अंतर आहे. कारिएसमध्ये वीसही मठांचे प्रतिनिधी बसतात, आणि परवान्याची मुदत वाढवून हवी असल्यास विनंती येथेच करावी लागते. मधोमध प्रोतातोन हे दहाव्या शतकातील मंदिर उभे आहे, ज्याच्या भिंतींवरची, इ. स. १३०० च्या सुमारास काढलेली चित्रे मानुएल पान्सेलिनोस या चित्रकाराची मानली जातात. मंदिर ठरावीक वेळीच उघडते. दार बंद असेल तर विचारून ती वेळ कागदावर लिहून घ्यावी, तोवर बुटांच्या नाड्या सैल करून बाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसावे, आणि मठाचे दार मिटण्यापूर्वी कुत्लुमुसिऊला परतायचे आहे, हे घड्याळात पाहून ठेवावे.

तिसऱ्या दिवशी कारिएसहून स्ताव्रोनिकिता किंवा इविरोन या पूर्व किनाऱ्यावरच्या मठांकडे जुन्या वाटेने उतरता येते. चौथ्या दिवशी मात्र पायी परतण्याचा मोह टाळावा, कारिएसहून सकाळची बस धरावी आणि दाफ्नीला वेळेपूर्वी पोहोचावे: तेथे बोटीत चढण्याआधी सामानाची तपासणी होते आणि तिच्यासाठी रांग लागते.